ताटातली माठाची भाजी आणि सहा वर्षांनंतरचं हाड

हे आपल्या जिल्ह्यात झालंय! पुणे जिल्ह्यात! वाचल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. इंदापुरात भाजी घेताना सांगितलं, बारामतीच्या एसटीत शेजारच्या बाईला सांगितलं, शाळेत मधल्या सुट्टीत सांगितलं. गरोदरपणात आईनं काय खाल्लं, त्याची खूण तिच्या मुलाच्या हाडांत सहा वर्षांनीही दिसते, आणि ही खूण ज्यांनी शोधली ती माणसं पुण्याची, ज्या बायांनी आपलं ताट मोजू दिलं त्या पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या. भाकरी थापणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, खुरपायला जाणाऱ्या. आपल्याच!

मी डॉक्टर नाही. घरात पहिलटकरीण लेक माहेरपणाला आली, तिनं काय खावं यावरून घरात रोज नवा सल्ला येऊ लागला, तेव्हा खरं काय ते बघावं म्हणून वाचायला बसले. आणि हाती लागला ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि आहाराची बाजू सांभाळणाऱ्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव. या मंडळींनी १९९० च्या दशकात सहा गावांतल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद गर्भ राहण्याच्या आधीच करून ठेवली. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची चौकशी करायची, दिवस राहिले की लगेच कळलं पाहिजे. केवढी चिकाटी! जून १९९४ ते एप्रिल १९९६ या काळात दिवस राहिलेल्या बायांपैकी ७९७ जणींचं गरोदरपण त्यांनी बारकाईनं टिपलं. अठराव्या आठवड्याला एकदा, अठ्ठाविसाव्या आठवड्याला पुन्हा. काय खाल्लं, किती वेळा खाल्लं, रक्तात काय आहे, अंगावर कामाचा भार किती.

त्या बाया कशा होत्या ते वाचताना मला माझ्या चुलत्या, मावश्या, शेजारणी दिसायला लागल्या. सरासरी वय एकवीस, वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फूट. दिवसाला पोटात जाणारं अन्न साधारण १८०० कॅलरींच्याही आत, प्रथिनं ४५ ग्रॅमच्या जवळपास. एवढ्या भांडवलावर मूल वाढवायचं आणि शेतातलं कामही ओढायचं! जन्मलेली बाळं सरासरी पावणेतीन किलोचीही नव्हती. मला वाटलं, आता पुढं लिहिलेलं असेल की बायांनी पोटभर खावं, कॅलरी वाढवाव्यात, संपलं. पण तसं नव्हतंच! बाळाच्या जन्मवजनाचं गणित एकूण कॅलरी आणि प्रथिनांशी जुळत नव्हतं. ते जुळत होतं पालेभाजी, फळं आणि दूधदुभत्याशी, ते ताटात किती वेळा येतं याच्याशी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ज्या वरचेवर पालेभाजी खात होत्या त्यांची बाळं भरलेली, ज्या कधीच खात नव्हत्या त्यांची बारकी. आणि हा फरक सगळ्यात ठळक कुणात? चाळीस किलोहूनही कमी वजनाच्या, सगळ्यात हडकुळ्या बायांत. हे वाक्य मी लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

पण माझा खरा जीव अडकला तो सहा वर्षांनंतरच्या गोष्टीत. ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची हाडं मोजली गेली. डेक्सा नावाचं यंत्र असतं, दोन वेगळ्या शक्तीच्या क्ष-किरणांनी अंगातलं हाड आणि मऊ मांस वेगळं ओळखतं, आणि हाडात खनिज किती भरलंय ते सांगतं. मुलानं काही मिनिटं स्वस्थ झोपायचं, बस्स. ६९८ मुलांची अशी मोजणी झाली. नुसत्या मुलांची नाही, त्यांच्या आयांची आणि बापांचीसुद्धा! बापांची का, हा प्रश्न मला आधी पडला आणि उत्तर कळल्यावर या लोकांच्या डोक्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. काटक आई-बापाची मुलं काटक होणारच, रक्तातून येतं ते येतं. मग आईच्या ताटाचं श्रेय ताटालाच द्यायचं असेल तर रक्ताचा हिस्सा आधी बाजूला काढावा लागतो. तो काढण्यासाठी दोघांची हाडं मोजली. मुलाच्या हाडाचं नातं आईच्या हाडाशी जितकं घट्ट, तितकंच बापाच्या हाडाशी निघालं. आणि हे सगळं वजा करूनही एक गोष्ट शिल्लक राहिली: गरोदरपणात ज्या आयांच्या खाण्यात दूध, दुधाचे पदार्थ, डाळी-कडधान्यं, मासे-मटण, पालेभाज्या, फळं असे कॅल्शियमवाले पदार्थ जास्त वेळा आले, त्यांच्या मुलांच्या अंगातली आणि मणक्यातली हाडं जास्त भरीव होती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ज्यांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांचीही हाडं जास्त घट्ट होती. २००६ मध्ये हे अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे मी ज्या वर्षी आठवीच्या वर्गाला कॅल्शियमचे स्रोत पाठ करून घेत होते, त्या वर्षी हे जगासमोर होतं. आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही!

हे घडतं तरी कसं, म्हणून मी पुढं वाचत गेले, आणि प्रत्येक पानावर थांबून कुणाला तरी हाक मारावी असं होत होतं. बाळाचा सांगाडा आधी मऊ कूर्चेचा असतो, मग त्यात खनिज भरत जातं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्यातलं जवळजवळ ऐंशी टक्के शेवटच्या तीन महिन्यांत जातं! शेवटच्या आठवड्यांत तर बाळ आईकडून दिवसाला अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम ओढून घेतं. वार हे काम इतक्या नेटानं करते की बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त ठेवलं जातं. आणि आईचं शरीर बघा, गरोदरपणात तिचं आतडं अन्नातलं कॅल्शियम जवळपास दुपटीनं शोषायला लागतं. कुणी सांगायला लागत नाही, गोळी लागत नाही, शरीर आपणहून तयारी करतं. पण आतडं दुपटीनं शोषणार ते ताटात असलेल्यातूनच ना! ताटात नसेल तर आईच्याच हाडांतून जायचं.

आपल्याकडच्या ऊसवाल्याला मला हे एका वाक्यात सांगता येतं: लागणीच्या वेळचा बेसल डोस चुकला की नंतर युरियानं हिरवेपणा येतो, पण पेरं तशी भरत नाहीत. आमच्या चुलत सासऱ्यांना असं म्हटलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, “मग लेकीला आत्ताच दे की काय द्यायचं ते, बाळंतपणापर्यंत कशाला थांबतेस?”

त्यांनी नेमकं बोट ठेवलं. आपल्याकडे बाळंतिणीचं कोडकौतुक किती! डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, खसखस, खारीक-खोबरं, शेपूची भाजी, मेथीचे लाडू, तुपात भिजलेली बाजरीची भाकरी. सव्वा महिना तिला कुणी थंड पाण्यात हात घालू देत नाही. हे सगळं उत्तम आहे, अंगावर पाजणाऱ्या बाईला कॅल्शियम लागतंच. पण सातव्या-आठव्या-नवव्या महिन्यात, जेव्हा बाळाच्या हाडांत भरणी चालू असते, तेव्हा घराघरांत ऐकू येतं: “जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडेल.” डोहाळजेवणाला एक दिवस पाच पक्वान्नं, आणि बाकीचे दिवस सगळ्यांचं वाढून झाल्यावर तिचं ताट, त्यात उरलेली आमटी आणि भाकरी. हे मला फार जिव्हारी लागतं. ज्या तीन महिन्यांत सगळं ठरतं, तेच तीन महिने आपण हातचे सोडतो.

आणि कुठं सोडतो? बारामती-इंदापुरात! अहो, या दोन तालुक्यांत काय पिकत नाही? निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरची बागायत, उजनीच्या फुगवट्याकाठची हिरवळ, पेरू, डाळिंब, द्राक्षं. दुधाच्या डेअऱ्या तर अशा की पहाटे पाचला कुठल्याही गावात उभं राहा, कॅनच्या आवाजानं जाग येते. मी आमच्या वस्तीवरच्या एका वहिनीला विचारलं, दिवसाला किती लिटर घालता? सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीस. सून सात महिन्यांची. ती किती पिते? त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत, सरळ म्हणाल्या, “ताई, सगळं डेरीला जातंय. च्यापुरतं ठिवायचं. फॅटवर पैसं हायती, घरात कुणी पीत न्हाय.” मी त्यांना त्या सहा गावांची सगळी गोष्ट सांगितली, सहा वर्षांच्या पोरांची हाडं मोजली तीसुद्धा. चुलीजवळ बसून त्यांनी ती पूर्ण ऐकली. मग विचारलं, “पेलाभर पुरंल का?” पेलाभर दुधात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि गरोदर बाईला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं. म्हणजे पेलाभरानं भागत नाही, पण पाव वाटा तर झाला! चाळीस लिटरमधला एक पेला!

उरलेलं कुठून आणायचं? इथं मला आपल्या रानाचं नवल वाटायला लागलं. ज्वारी-बाजरीत कॅल्शियम थोडंच, शंभर ग्रॅमला पन्नास मिलिग्रॅमही नाही. पण नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि पांढऱ्या तिळात हजाराच्या वर! शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या पुढं, माठ-राजगिऱ्याच्या पाल्यातही तेवढंच. आपण शेवग्याच्या शेंगा मुंबईच्या गाडीला घालतो आणि पाला शेळीला. तांदुळजा, घोळ, चंदनबटवा, पाथरी, हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची भाजी, हे सगळं रानात आणि बांधावर फुकट मिळतं. सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात पाणी नसेल, पण पावसाळ्यात बांधावर घोळ असतेच. तिथली एक आजी मला म्हणाली, “आम्ही गरवारपणात हीच खाल्ली, दुसरं व्हतं काय?” तिनं गरिबी म्हणून सांगितलं आणि मी ते वहीत दागिन्यासारखं उतरवून घेतलं. फक्त एक करायचं: भाजी उकडून पाणी पिळून फेकायचं नाही. फोलेट पाण्यात उतरतं, फार शिजवलं की मरतं. चिरून धुण्याऐवजी धुऊन चिरायची, झाकण ठेवून थोडक्यात परतायची.

नुसत्या पाल्यावर मात्र थांबू नका, आणि हेही मला त्याच अभ्यासानं शिकवलं. त्या सहा गावांतल्या आयांत फोलेट कमी असलेली बाई जवळजवळ सापडलीच नाही, पण साठ टक्क्यांहून जास्त जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. आणि ज्यांच्यात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त आढळली. ती मधुमेहाची वाट. म्हणजे दोन्ही जोडीनं हवीत. फोलेट पाल्यात, बी-१२ दुधात, अंड्यात, मटणात, मासळीत. मासळी म्हटलं की भिगवण! उजनीचं पाणी पसरलं, जुनी पळसदेवसारखी गावं पोटात गेली, आणि त्याच पाण्यानं एवढा मोठा मासळीबाजार दिला. रोहू, कटला, मरळ, वाम, आणि आपली लाडकी चिलापी. ज्यांच्या घरात चालतं त्यांनी गरोदर बाईच्या ताटात आठवड्यातून दोनदा चिलापीचं कालवण वाढायला हवं, असं मी आता बिनधास्त सांगते. ज्यांच्यात चालत नाही, त्यांनी दूध, दही, ताक सोडू नये.

आता एक गोष्ट सरळ सांगते, कारण वाचताना ती मलाही अडवत होती. सहा गावांचा अभ्यास म्हणजे निरीक्षण आहे. काहींना मुद्दाम दूध दिलं आणि काहींना नाही, असा प्रयोग तो नव्हता. जिच्या घरात दूध असतं तिच्या घरात आणखीही बरंच काही असतं, ही शंका रास्त आहे. आणि आफ्रिकेतल्या गॅम्बियात, जिथं बाया फारच कमी कॅल्शियम खातात, तिथं गरोदरपणात रोज दीड हजार मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी दिली, तर बाळांच्या हाडांत फायदा दिसला नाही! हे वाचून मी हिरमुसले नाही, उलट जास्तच पेटले. गोळीत एकटं कॅल्शियम असतं. दुधात, डाळीत, भाजीत, मासळीत त्याच्यासोबत प्रथिनं आहेत, फोलेट आहे, बी-१२ आहे, मॅग्नेशियम आहे. त्या सहा गावांत खुणा सापडल्या त्या अन्नाच्या होत्या. इंग्लंडात ड जीवनसत्त्वाबद्दलही असंच काही हाती आलं आहे. साउदॅम्प्टनला २००६ मध्येच दिसलं की गरोदरपणाच्या शेवटी ज्या आयांत ड जीवनसत्त्व कमी, त्यांच्या मुलांची हाडं नवव्या वर्षी कमी भरलेली. आपल्याकडे ऊन एवढं, पण गरोदर बाईला उन्हात जाऊ नको म्हणून घरात बसवतात, आणि जी रानात असते ती डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली.

यावरून कुणी सरकारी गोळ्या टाकून देऊ नका. चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा पाचशे मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी ड जीवनसत्त्वासह द्यायची, असं धोरण आहे. गरोदरपणातला रक्तदाब बिघडू नये यासाठीही ती मोलाची. आशाताई देतात ती घ्यायची, लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी नाही, वेगळ्या वेळी. आणि ताट वेगळं, ते भरलेलंच हवं.

या सगळ्यात एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही. दिवाळीच्या सुमाराला बीड-नगरकडून टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना ऊस तोडायला. फडात नवऱ्याबरोबर तिचा अर्धा कोयता. दिवस गेलेले असले तरी डोक्यावर मोळी आणि ट्रॉलीच्या फळीवरून चढायचं. कोपीत संध्याकाळी भाकरी आणि ठेचा, चहात पडेल तेवढं दूध. आणि ती जे वाढे छाटून बांधते ते कुठं जातं? आमच्या गोठ्यात! त्या वाढ्यांवर आमच्या गाई दूध देतात, ते दूध डेअरीला जातं, आणि वाढे बांधणारीच्या पोटातल्या बाळाच्या हाडांपर्यंत त्यातला थेंबही पोहोचत नाही. हे मी आमच्या गावातल्या दूधवाल्यांना बोलून दाखवलं. पुढच्या हंगामात वाढ्याच्या पेंढ्यांच्या पैशांबरोबर कोपीतल्या गरोदर बाईला रोज अर्धा लिटर दूध द्यायचं, असं तीन घरांनी कबूल केलंय. बाकीच्यांच्या मागं मी लागले आहे आणि सोडणार नाही.

तुम्हाला माहीत आहे का, त्या सहा गावांतली ती मुलं आता तिशीत आली आहेत! केईएमच्या मंडळींनी त्यांचा पाठपुरावा सोडलेला नाही. ती वयात आल्यावर, लग्नाच्या आधीच, त्यांना बी-१२ द्यायला सुरुवात झाली. ‘प्रिया’ असं त्या प्रयोगाचं नाव. म्हणजे पुढच्या पिढीची तयारी गर्भ राहण्याच्याही आधी, मुलगी कॉलेजात असतानाच! हे वाचल्यावर मी आठवीच्या पोरींना शेंगदाणा-तिळाचे लाडू डब्यात आणायला सांगितलं. एकीनं विचारलं, “बाई, मुलांनी पण आणायचे का?” बापाच्या हाडाचं नातं आईइतकंच घट्ट निघालं होतं, ते आठवलं आणि म्हटलं, हो, सगळ्यांनी.

आता मला एकच ध्यास लागलाय. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, गावोगाव अंगणवाडी आहे, आशाताई आहेत. कालव्यावरची दहा गावं घ्या, जिरायती दहा गावं घ्या, उजनीकाठची मासळी खाणारी दहा गावं घ्या, आणि ऊसतोडीच्या कोप्या घ्या. गरोदर बायांच्या ताटांची नोंद आत्तापासून ठेवा. सहा वर्षांनी मुलांना डेक्सावर झोपवा, आयांना झोपवा, बापांनाही झोपवा. कुठं पाणी, कुठं दूध, कुठं मासळी असताना हाडांत काय फरक पडतो, हे या दोन तालुक्यांत जितकं स्पष्ट दिसेल तितकं दुसरीकडे कुठं दिसायचं? तसं पत्र मी लिहून ठेवलंय. आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या, तीन अंगणवाडी ताईंच्या आणि त्या चाळीस लिटरवाल्या वहिनींच्या सह्या झाल्यात. आणखी कुणाला करायची असेल तर सांगा.